खंडेनवमीला पुसलेली सहा टोपणनावं

माझे शॉर्टकट फालतू नव्हते, हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. कारण शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मगदूम सरांनी नेमका हाच शब्द वापरला, ‘फालतू’, आणि तोही नववीच्या बावीस पोरांसमोर. बोलताना त्यांच्या हातात दसऱ्याचा राहिलेला अर्धा पेढा होता. एवढं बोलून तो त्यांनी शांतपणे तोंडात टाकला. त्या पेढ्याचा राग मला अजून आहे.

आता नीट सांगते.

शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत परीक्षेचा निकाल आठ दिवस उशिरा लागला तरी कुणी विचारत नाही, पण मॅचचा स्कोर दोन मिनिटं उशिरा कळला तर फाटकावर गर्दी होते. यंदा आंतरशालेय फुटबॉलची फायनल आमच्याच मैदानावर होती. दसऱ्यानंतरचा शनिवार, आमची शाळा विरुद्ध गडमुडशिंगीची शाळा. आणि पहिल्यांदाच मैदानाच्या कडेला मोठा पडदा लावून त्यावर गुणफलक दाखवायचा होता. गोल झाला की आकडा तिथल्या तिथं बदलला पाहिजे. तो फलक चालवणारा प्रोग्राम आम्ही मुलं लॅबमध्ये जूनपासून बनवत होतो. शनिवारी कीबोर्डवर कोण बसणार, तर मी. तेजस्वी सासने, नववी ब. हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘यस सर’ इतकं हळू म्हणायची की सर दोनदा नाव घ्यायचे. त्यामुळे ती खुर्ची माझ्यासाठी काय होती ते समजून घ्या. आईनं मामाला सांगितलं, मामानं शिरोळच्या अख्ख्या गल्लीला. मामा म्हणाला, “ट्रॅक्टर भरून माणसं आणतो.” आई म्हणाली, “एकटाच ये. एसटीनं.”

शाळेच्या कॉम्प्युटरवर नवीन काही बसवायला बंदी आहे, म्हणून सरांनी एक युक्ती केली होती. लॅबमधल्या चार नंबरच्या कॉम्प्युटरच्या आत त्यांनी अजून एक खोटा कॉम्प्युटर तयार केला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही नुसतं ‘आतली मशीन’ म्हणतो. एक खिडकी उघडायची, काळा पडदा येतो, की आपण आत. आत काहीही मोडा, बाहेरच्या कॉम्प्युटरला खरचटत नाही. आमचा फलक या आतल्या मशीनमध्ये चालायचा, आणि त्याला प्रत्येक गोष्ट टाईप करून सांगावी लागायची. एक गोल मांडायचा तर एक्काहत्तर अक्षरं! मी मोजलीत. त्यात तिरक्या रेघा, आडव्या रेघा, ठिपके, आणि एक जागा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तोवर समोर दुसरा गोल होऊन जाईल.

म्हणून मी टोपणनावं केली. कॉम्प्युटरच्या भाषेत त्याला एलियास म्हणतात, पण आमच्या पेठेत ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. आमच्या वर्गातल्या धैर्यशीलला मैदानावर कुणी ‘धैर्यशील’ अशी पूर्ण हाक मारत बसलं, तर ती संपेपर्यंत बॉल रंकाळ्यात जाईल. त्याला ‘धैऱ्या’ म्हणतात. तसंच हे. इंग्रजी अक्षरांत ‘गोल’ लिहिलं की पाठीमागं ती एक्काहत्तर अक्षरं आपोआप उभी राहायची. पुढं ‘ए’ लावला की आमचा गोल, ‘बी’ लावला की समोरच्यांचा. चुकून मांडलेला गोल मागं घ्यायला ‘काढ’. शिवाय ‘उठ’, ‘बघ’ आणि ‘थांब’, आणि मध्यंतरासाठी ‘हाफ’ की ‘अर्धा’ यावर आमचा आठवडाभर वाद चाललेला, शेवटी तो आम्ही ‘थांब’मध्येच उरकला आणि सहावं, मॅच संपल्यावर फलक बंद करायला, ‘सुट्टी’ ठेवलं. ऑगस्टपासून सहाच्या सहा एकदाही अडली नव्हती.

शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम होती. सरांनी लॅबमध्येच शिट्टी फुंकली, म्हणजे गोल झाला असं समजायचं. मी टाईप केलं, गोल ए. एंटर.

‘कमांड नॉट फाउंड.’

“चुकीचं टाईप केलंस,” सर म्हणाले.

“चार अक्षरं हायत सर. चार अक्षरांत काय चुकणार?”

परत टाईप केलं. नॉट फाउंड. ‘बघ’ लिहिलं. नॉट फाउंड. ‘उठ’ लिहिलं. ते तर फलक चालू करायचं नाव, तेही नॉट फाउंड. मागून कुणीतरी म्हणालं, “आता ‘सुट्टी’ लिहून बघ,” आणि बावीसजण हसले.

सर हसले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

“हे बघ तेजस्वी. उद्या मैदानावर चारशे माणूस असणार. ऐन वेळंला दगा देणारे असले फालतू शॉर्टकट आपल्याला नकोत. धैर्यशील, उद्या तू बस. मोठी कमांड कागदावर उतरून घे आणि बघून टाईप कर.”

“आणि मी काय करू सर?”

“तू पावण्यांच्या स्वागताला. रांगोळी काढ की. बुधवारी फाटकात काढलीवतीस, लय झकास होती.”

आणि मग तो पेढा.

बुधवारची रांगोळी! बुधवारी खंडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस. शाळेत लॅबमधल्या मशिनींची पूजा असते. तिथं पोरं गेली, आणि आम्हा मुलींना फाटकावर रांगोळी काढायला आणि झेंडूच्या माळा करायला बसवलं. चार नंबरच्या मशीनवर गेले दोन महिने रोज मी बसत होते, पण तिच्या पूजेला मी नव्हते. तेव्हा मी काही बोलले नाही. शुक्रवारी मात्र बोलले.

“सर, मला वेळ द्या. मी चालू करून दाखवतो.”

(आम्ही कोल्हापूरच्या मुली ‘मी करतो, मी आलो’ असंच म्हणतो. निबंधात बाई लाल रेघ मारतात, तोंडावर कोण मारणार?)

सरांनी घड्याळ बघितलं. “चार वाजेपर्यंत. चारला सगळ्यांसमोर चाललं तर तू बस, न्हाय चाललं तर धैर्यशील. मग परत तोंड पाडायचं न्हाय.”

“पाडणार न्हाय.”

मधल्या सुट्टीत डबा न उघडता मी लॅबमध्ये गेले. आत धैर्यशील एका कोपऱ्यात वही घेऊन ती मोठी कमांड उतरवून घेत होता. मी चार नंबरवर बसले आणि आधी यादी मागवली. नुसतं ‘एलियास’ टाईप केलं की आत जेवढी टोपणनावं आहेत तेवढी समोर येतात. दोन आली. दोन्ही मशीनबरोबर फुकट आलेली. माझं एकही नाही.

म्हणजे माझे शॉर्टकट दगा देत नव्हते, ते तिथं नव्हतेच! बिघडलेली वस्तू निदान हातात तरी असते.

ठीक आहे म्हटलं, परत लिहू. बाहेरच्या कॉम्प्युटरवर आमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टोपणनावांसाठी एक वेगळी फाईल आहे. जूनमध्ये सरांनी ती दाखवली होती. ऑगस्टमध्ये मी घाईत तिच्याकडं न जाता आतल्या मशीनमध्येच नावं लिहून मोकळी झाले होते. या वेळी शहाण्यासारखी बाहेरच्या फाईलीत सहाच्या सहा लिहिली, जपून ठेवली, काळी खिडकी बंद करून नवी उघडली. गोल ए.

नॉट फाउंड.

“तेजे, अजून न्हाय व्हय?” धैर्यशीलनं विचारलं.

“तू तुझी एक्काहत्तर अक्षरं लिही गप.”

“माझी चौऱ्याहत्तर झाली.”

“मग तीन चुकल्यात.”

तो परत मोजायला लागला. मी आतली मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली. त्यात तीन मिनिटं गेली. गोल ए. नॉट फाउंड. घंटा झाली, मराठीचा तास सुरू झाला, त्यात मी बसले पण मला एक अक्षर आठवत नाही. पुढचा तास कार्यानुभवाचा होता, तेव्हा बाईंना विचारून परत लॅबमध्ये आले. अडीच वाजून गेले होते. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते रागाचं होतं, हे कुणाला पटत नाही म्हणून अजून राग येत होता.

मग मला वाटलं, नावं सोड, आधी घर बघ. आतल्या मशीनमध्ये माझं म्हणून जे फोल्डर आहे, त्यातल्या सगळ्या फायली मी तारखेसकट मागवल्या, लपलेल्यासुद्धा. धडाधड ओळी आल्या. पहिलीची तारीख बुधवार, अकरा बावन्न. दुसरीची बुधवार, अकरा बावन्न. सगळ्यांची तीच. टोपणनावांची फाईलसुद्धा तिथं होती, बुधवारचीच, आणि आत त्या फुकटच्या दोन ओळी.

मी या घरात ऑगस्टपासून राहते, आणि घर बांधलंय बुधवारी?

मान खाली घातली तर समोर कीबोर्ड. एंटरच्या बटणावर कुंकवाचं बोट होतं. ते सगळ्याच मशिनींवर होतं, पूजेचं. पण चार नंबरवर अजून एक होतं, बारीक, पुसट. वायच्या बटणावर.

मी उठून बाकीच्या पाचही मशिनी बघितल्या. वाय कोरा. फक्त माझ्याच मशीनचा वाय लाल.

आतली मशीन मोडून टाकायची एक कमांड आहे. ती दिली की मशीन एकदाच विचारते, खरंच मोडू का? हो म्हणायचं असेल तर वाय दाबायचा आणि एंटर.

लॅबचे शिपाई गुंडूमामा दारात खुर्च्या मोजत होते. शनिवारी मैदानात न्यायच्या होत्या.

“मामा, बुधवारी मशिनींना कुंकू कुणी लावलं?”

“मीच की. सहाच्या सहांस्नी. त्या मोठ्या बटनावर एकेक बोट.”

“मग हे कुणाचं?”

मामांनी खिशातून चष्मा काढला, वाकून वाय बघितला. “हे माझं न्हाय. माझं बोट एवढं बारीक हाय व्हय? हे सरांचं. मी म्हटलं, सर, समद्या मशिनी मी भाईरनं पुसल्या, आता आतनं कोण पुसणार? तर म्हटले, आतनं मी पुसतो मामा. ही चार नंबर शनिवारी मैदानात जायाची हाय, कोरी करकरीत करून ठेवतो. आन् बसले की हितंच. तसल्याच कुंकवाच्या हातानं.”

“किती वाजता?”

“आरती बाराला झाली. त्याच्या जरा आदी.”

अकरा बावन्न.

“आणि कोण होतं?”

“समदी पोरं. आरतीचं ताट तर ह्या धैर्यशीलच्याच हातात हुतं.”

मी वळले. धैर्यशील वहीत तोंड घालून बसला होता.

“तुला माहीत होतं!”

“सर मशीन नवी करायल्यात एवढंच बघिटलं मी. तिच्यात तुझं सामान हाय ते मला काय म्हाईत?”

“बरं, तेव्हा न्हवतं माहीत. सकाळी? सकाळी सगळे हसले तेव्हा का बोलला न्हाईस?”

त्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “खुर्ची मिळालीवती की मला,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू.”

निदान खरं बोलला. पण सर! खंडेनवमीला हत्यार पुसतात, तेल घालतात, फूल वाहतात. माझी आई घरी कपडे शिवते. त्या दिवशी तिनंही शिलाई मशीन पुसली, चाकाला झेंडू बांधला. म्हणून शेजारच्या बनाबाईंचं अर्धं शिवलेलं पोलकं उसवून ठेवलं का? माझी दोन महिन्यांची नावं यांनी आरतीच्या आधी आठ मिनिटांत फुंकली. मला विचारलं नाही, कारण मी फाटकावर ठिपके मोजत होते. आणि शुक्रवारी वर फालतूही माझीच नावं.

एवढा राग आला की डोकं एकदम साफ चालायला लागलं.

आतलं घर बुधवारी नवीन बांधलं गेलं. बांधताना बाहेरच्या फाईलीची एक प्रत आत ठेवली गेली. त्या दिवशी बाहेरच्या फाईलीत दोनच ओळी होत्या, म्हणून आतही दोनच. मी शुक्रवारी बाहेर सहा नावं लिहिली, पण आतली प्रत बुधवारचीच राहिली. मी मशीन बंद करून चालू केली, म्हणजे नुसता दिवा घालवून परत लावला. सामान कुणी आत नेलंच नव्हतं! सामान आत न्यायला सगळी मांडणी पुन्हा करायला सांगावं लागतं, घर न मोडता. त्याची वेगळी कमांड आहे, सरांच्या जूनच्या टिपणात शेवटच्या ओळीत होती. मी ती बाहेरून दिली. पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या ओळी पळायला लागल्या. साडेतीन वाजले. ओळी पळतच होत्या. धैर्यशील माझ्यामागं येऊन उभा राहिला, गुंडूमामाही.

“चाललंय काय ह्ये?” मामांनी विचारलं.

“सामान आत जायलंय मामा.”

ओळी थांबल्या. मी जुनी खिडकी बंद केली, नवी उघडली. गोल ए. एंटर.

पडद्यावर फलक आला. एक–शून्य.

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून सातवीच्या बाई बघायला आल्या.

चारला सर आले, मागून सगळी पोरं. मी सहाच्या सहा चालवून दाखवली. गोल ए, गोल बी, काढ, सगळं. एकदाही नॉट फाउंड नाही.

“चाललं की!” सर म्हणाले. “झकास. मग उद्या तूच बस.” आणि दाराकडं वळले.

वर्षापूर्वीची मी असते तर यावरच खूश झाले असते. खुर्ची मिळाली होती, अजून काय पाहिजे?

“सर, थांबा जरा.”

ते थांबले. माझे कान तापले होते, पण आवाज नीट आला. मी ती तारखांची यादी पडद्यावर लावली. “हे बघा. मी आज आत नेलेली एक सोडली तर आतल्या मशीनमधली प्रत्येक फाईल बुधवारची हाय, अकरा बावन्नची. आणि हे वायवर कुंकू. आतली मशीन मोडून नवी कुणी केली सर?”

सरांनी वाकून वायचं बटण बघितलं.

“अगं, मी स्वच्छ केली,” सर म्हणाले. “उद्यासाठी. त्यात तुझी फाईल आत होती हे मला काय माहीत? फाईल बाहेर ठेवायची असते हे मी जूनमध्ये सांगितलंवतं.”

“सांगितलंवतं. ते माझं चुकलं. मी आता बाहेर ठेवलीया, परत कधी आत लिहिणार न्हाय.” मी श्वास घेतला. “पण माझं चुकलं ते मी सगळ्यांसमोर म्हटलं. तुम्ही सकाळी सगळ्यांसमोर फालतू म्हटलात. सगळे हितंच हायत.”

कुणीतरी मागं हळूच ‘आयला’ म्हणालं. सरांचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, गेली खुर्ची. आता हे म्हणणार, धैर्यशील, बस.

गुंडूमामा दारातून म्हणाले, “म्हना की सर. नारळ बी तुमीच फोडला, आन् मशीन बी.”

पहिल्यांदा धैर्यशील हसला, मग सगळेच, आणि शेवटी सरांनाही आवरलं नाही. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, गरज नसताना.

“ऐका रे,” ते म्हणाले. “आतली मशीन मी नवी केली. हिला न विचारता. शॉर्टकट चांगले होते.”

“आणि फालतू...”

“फालतू नव्हते. झालं?”

“झालं सर.”

शनिवारी मामा एसटीनं आला, पण शिरोळहून चारजण घेऊनच. ते पडद्याच्या अगदी समोर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवत राहिले. चार नंबर मशीन मांडवात टेबलावर, तिच्यासमोर मी. शेजारी धैर्यशील, हातात ती कागदावरची कमांड, वेळ पडली तर म्हणून सरांनीच बसवलेला.

पहिला अर्धा वेळ शून्य–शून्य. दुसऱ्यातही बराच वेळ काही नाही. आणि मग गडमुडशिंगीच्या एका बुटक्या पोरानं उजवीकडून बॉल काढला, आमचे दोघं चकवले आणि जाळीत. आमच्या माणसांनी डोक्याला हात लावले. माझी बोटं मात्र गेलीच होती. गोल बी, एंटर. रेफ्रीची शिट्टी संपायच्या आत पडद्यावर शून्य–एक.

आमच्या बाजूनं बोंब उठली.

“अगं ए तेजे! कुणाच्या शाळंची हैस तू?”

“घाई काय हुती तुला!”

“ऑफसाइड हुता त्यो! काढ! काढ की!”

‘काढ.’ चार अक्षरं, बोटाखाली. सरसुद्धा वाकून म्हणाले, “दिलाय का गं खरंच रेफ्रीनं? बघ जरा.”

“दिलाय सर,” मी म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. चारशे माणसं ओरडू देत. गोल झाला तर झाला. माझ्या नावांनी खोटं बोलायचं, हे मी मामासाठीसुद्धा करणार नाही.

मामा तर सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता, ‘काढ’ म्हणून.

रेफ्रीनं बॉल मध्यभागी ठेवला तेव्हा कुठं आमची माणसं खाली बसली. धैर्यशील हातातल्या कागदाकडं बघत होता.

“तेजे,” तो म्हणाला, “मी बसलो असतो न्हवं, तर आजून शून्य–शून्यच असतं.”

“किती अक्षरं झाली शेवटी?”

“बहात्तर.”

“अजून एक जादा हाय,” मी म्हणाले, आणि हात मांडीखालून काढून परत कीबोर्डवर ठेवले. अजून अकरा मिनिटं होती.